पाच सेंटीमीटरची दुर्बीण व तिचा वऱ्हाडातील वापर

स्मार्ट दुर्बीण म्हणजे डोळा लावायची जागा नसलेली दुर्बीण. एवढी व्याख्या लक्षात ठेवली तर पुढचे निम्मे गैरसमज टळतात. ती कोणी लक्षात ठेवत नाही. गच्चीवर आलेला पाहुणा तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो, कमरेत वाकतो, एक डोळा मिटून दुसरा कुठे टेकवावा ते शोधतो आणि शेवटी विचारतो, "पाहाचं कुठून?" पाहायचं मोबाइलमध्ये असतं. हे ऐकून तो सरळ उभा राहतो आणि अत्यंत रास्त शंका काढतो, "मंग मोबाइल तं खालीच होता नं भाऊ, दोन जिने कायले चढवले?"

या जातीतलं सर्वांत ओळखीचं यंत्र म्हणजे झेडडब्ल्यूओ या चिनी कंपनीची 2023 मध्ये आलेली सीस्टार एस 50. तिचं भिंग 50 मिलिमीटर व्यासाचं, केंद्रांतर 250 मिलिमीटर, वजन अडीच किलो. आत मोटरी, दव धरू नये म्हणून हीटर, बॅटरी, 64 जीबीची साठवण आणि दोन मेगापिक्सेलचा सोनी सेन्सर. युनिस्टेलर आणि व्हाओनिस या फ्रेंच कंपन्यांनी अशा दुर्बिणी आधीच काढल्या होत्या, पण त्या घेण्यापूर्वी घरात चर्चा करावी लागे. ही चांगल्या मोबाइलच्या किमतीत येते, त्यामुळे चर्चा खरेदीनंतर होते. दोन मेगापिक्सेल हा आकडा चारचौघांत सांगू नये. ज्याच्या खिशात पन्नास मेगापिक्सेलचा फोन आहे त्याला, सेन्सर किती मोठा यापेक्षा तो किती वेळ बघत बसतो याला इथे किंमत आहे, हे पटवून देईपर्यंत ढग येतात.

वेळेचं गणित मात्र खरं आहे. अंधारात पूर्ण उघडलेली माणसाची बाहुली जेमतेम सात मिलिमीटरची. पाच सेंटीमीटरचं भिंग तिच्या पन्नासपट प्रकाश गोळा करतं, पण तेवढ्याने देवयानी दीर्घिकेचा धुरकट पट्टा थोडा बरा दिसेल इतकंच. डोळा सेकंदाच्या अंशात पाहतो आणि विसरतो. सेन्सर दहा सेकंद पाहतो, लिहून ठेवतो, पुन्हा दहा सेकंद पाहतो आणि रात्रभर हे करायला कंटाळत नाही. 30 सप्टेंबर 1880 रोजी हेन्री ड्रेपरने न्यूयॉर्क राज्यातून मृगातल्या तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं तेव्हा त्याला 11 इंची दुर्बीण आणि 51 मिनिटं लागली. महाराष्ट्रात त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1888 पासून, पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांनी पैसा दिला, प्रा. कावसजी नायगमवाला यांनी 20 इंची दुर्बीण बसवली आणि याच मृगाच्या तेजोमेघाचा वर्णपट तपासून त्यावर इंग्लंडच्या नियतकालिकात लिहिलं. वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज ड्रेपरपेक्षा बरा रंगीत तेजोमेघ अमरावतीच्या साईनगरातल्या गच्चीवर दोन-चार मिनिटांत उमटतो. राजाश्रयाची गरज उरलेली नाही. शेजाऱ्याचा बाहेरचा दिवा बंद व्हायला मात्र अजूनही राजाश्रयच हवा.

दुर्बिणीचा आकाशाकडचा भाग इतका सोपा झाला आहे की त्याचं वर्णन चार वाक्यांत संपतं. बटण दाबलं की ती मान वर करते, आकाशाचा एक फोटो काढते, त्यातल्या ताऱ्यांची मांडणी पोटातल्या यादीशी ताडून आपण कुठे बघतो आहोत हे ओळखते आणि ॲपमध्ये निवडलेल्या वस्तूकडे स्वतः वळते. वापरणाऱ्याला एकही नक्षत्र ओळखता येण्याची गरज नाही आणि बहुतेकांना येतही नाही. "देवयानी नेमकी कुठं हाये?" असं कोणी विचारलं तर मालक आधी दुर्बिणीचं तोंड कुठे आहे ते पाहतो, मग आत्मविश्वासाने तिकडे बोट दाखवतो. देवयानीचा प्रकाश 25 लाख वर्षं प्रवास करून विनातक्रार येतो. अडचणी सुरू होतात त्या शेवटच्या काही मीटरमध्ये, आणि त्या सगळ्या वऱ्हाडातल्या आहेत.

पहिली अडचण खुद्द गच्ची. वऱ्हाडी गच्ची उन्हाळ्यात कुरडया, पापड आणि शेवयांची असते. तिथे तिपाईला जागा मागणं म्हणजे घरात सरळ अतिक्रमण. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब ही उष्णता मध्यरात्रीपर्यंत परत करत राहतो. त्यामुळे वरची हवा हलते आणि टाचणीच्या टोकाएवढे असायला हवेत ते तारे सुजून येतात. सेन्सरचं दुखणं वेगळंच. या दुर्बिणींत सेन्सर थंड करण्याची सोय नसते, आणि तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की अंधारातही आपोआप निर्माण होणारा त्याचा खोटा संकेत दुप्पट होतो. जानेवारीची रात्र आणि मेची रात्र यांत अठरा-वीस अंशांचा फरक धरला तर हा गोंधळ आठपटीवर जातो. दुर्बिणीपुढे कूलर लावण्याची कल्पना अकोल्यात कोणालाही सुचण्यासारखी आहे. लावू नये. कूलरने हवा थंड होते, पण ओलसरही होते, आणि त्याच्या पंख्याची थरथर स्लॅबमधून तिपाईत चढते. मग प्रत्येक तारा छोट्या स्वल्पविरामासारखा येतो.

दुसरी अडचण उजेडाची. पूर्वीचे रस्त्यावरचे सोडियमचे दिवे पिवळे होते, पण प्रामाणिक होते. त्यांचा उजेड बराचसा एकाच पट्ट्यात येई आणि गाळणीने अडवता येई. आता आलेले पांढरे एलईडी जवळजवळ सगळ्या रंगांत उजळतात. दुर्बिणीत एक दुहेरी गाळणी असते. ती हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल आणि ऑक्सिजनचा 501 नॅनोमीटरचा हिरवट-निळा एवढेच दोन अरुंद पट्टे आत सोडते. तेजोमेघ याच दोन रंगांत चमकत असल्यामुळे राजकमल चौकाच्या हायमास्टजवळ राहणाऱ्यालाही मृगाचा तेजोमेघ मिळतो. दीर्घिकांचं तसं नाही. त्यांचा प्रकाश अब्जावधी ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या रंगांचा, म्हणजे हुबेहूब शेजाऱ्याच्या एलईडीच्या वळणाचा. गाळणी दोघांना एकाच न्यायाने अडवते. शेजाऱ्याला दिवा घालवायची विनंती केली तर तो विचारतो, "अन् चोर आला तं?" याला खगोलशास्त्रात उत्तर नाही. मूर्तिजापूरच्या माणसाची स्थिती आणखी नाजूक. त्याच्या पूर्वेला अमरावतीचा उजेड, पश्चिमेला अकोल्याचा. दोन्ही शहरं आपल्या भागात आकाश काळंभोर असल्याचं सांगतात आणि तो मधोमध उभा राहून ऐकतो.

तिसरी अडचण कालनिर्णयची. डीप स्काय, म्हणजे तेजोमेघ-दीर्घिकांच्या, छायाचित्रणाला चंद्र चालत नाही, म्हणजे अमावास्येच्या अलीकडचा-पलीकडचा आठवडाच कामाचा. आता वऱ्हाड गच्चीवर कधी जातं? कोजागिरीला. त्या रात्री आटीव दुधाचं पातेलं, सतरंज्या, गाण्याच्या भेंड्या आणि डोक्यावर पूर्ण चंद्र. सगळं गाव आकाशाकडे बघत असतं आणि दुर्बीण नेमकी त्याच रात्री निरुपयोगी असते. पुढची अमावास्या येते, पाऊस गेलेला असतो, आकाश धुतलेलं असतं, देवयानी संध्याकाळीच वर आलेली असते. वर्षातली ही उत्तम रात्र. ती लक्ष्मीपूजनाची असते. आठ वाजल्यापासून रॉकेट आणि दहा वाजेपर्यंत असा धूर की शेजारची टाकीही दिसू नये. त्याच्याआधीची मोठी अमावास्या पोळ्याची. ती भर पावसात. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि शहराबाहेरच्या प्रत्येक लॉनवरून शार्पी दिव्यांचे झोत आकाशात फिरू लागतात. ज्या दीर्घिकेकडे दुर्बीण चार तास टक लावून बसली आहे तिच्यावरून दर आठ सेकंदांनी वरपक्षाचा झोत जातो. उरते मार्गशीर्ष आणि पौषाची अमावास्या. तेव्हा आकाश स्वच्छ असतं, लग्नंही थोडी थंडावलेली असतात, पण "अवसेच्या रात्री गच्चीवर कायले जातं?" असं घरातली वडील मंडळी ठामपणे विचारतात. वर्षाकाठी खरोखर मोकळ्या मिळणाऱ्या रात्री बोटांवर मोजता येतात. अमरावती ते अकोला मार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत घालून गिनेस विक्रम झाला. तेवढ्या वेळात ही दुर्बीण कागदावर दहा-दहा सेकंदांचे सुमारे 38 हजार फोटो काढू शकते. रस्त्याला अमावास्या लागत नाही, हा फरक लक्षात घ्यावा.

वस्तूंची निवड करताना अक्षांश पाहावा लागतो. अमरावती-अकोला साधारण 21 उत्तर अक्षांशावर असल्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच, 21 अंश, वर असतो. शहरात याचा अर्थ तो समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यामागे असतो. दक्षिणेकडे मात्र भरपाई आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत भव्य तारकागुच्छ लंडनहून कधीच उगवत नाही. वऱ्हाडातून तो एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास 22 अंशांपर्यंत चढतो. इंग्रजांना जे मिळालं नाही ते मूर्तिजापूरला मिळतं, उकाड्यासकट.

डोक्यावरून जाणाऱ्या वस्तूंची कथा निराळी. वृषभेतला क्रॅब तेजोमेघ, 1054 मध्ये दिसलेल्या स्फोटाचा अवशेष आणि शार्ल मेसिएच्या यादीतला पहिला क्रमांक, अमरावतीच्या माथ्यापासून जेमतेम एक अंशावरून जातो. पुष्य नक्षत्राचा तारकागुच्छही तसाच. डोक्यावर म्हणजे हवेचा थर सर्वांत पातळ, धूळ सर्वांत कमी. साध्या दुर्बिणीच्या मालकाने याबद्दल नशिबाचे आभार मानले असते. परंतु आडवं आणि उभं अशा दोनच दिशांनी फिरणारी दुर्बीण नेमकी माथ्यावर गोंधळते. तिथे ताऱ्याची दिशा मिनिटांत पूर्वेची पश्चिम होते, दुर्बीण गर्रकन वळू पाहते, चित्र गोल फिरतं आणि फोटोमागून फोटो नापास होतात. वऱ्हाडाचं आकाश आपल्या उत्तम वस्तू यंत्राच्या एकमेव आंधळ्या जागेतून काढून नेतं. यावर उपाय म्हणून दुर्बीण ध्रुवाच्या दिशेने कलती बसवण्याची पद्धत आहे. युरोपात ती जराशी कलते. इथे 21 अक्षांशामुळे ती जवळजवळ आडवी होते आणि कोणत्याही क्षणी पडेलशी दिसते. चहा घेऊन वर आलेलं घरातलं माणूस कप खाली ठेवतं आणि मोठ्या मायेने तिला सरळ करून जातं.

मृगाबद्दल एक सूचना. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं मृग जूनच्या सात-आठ तारखेला निघतं. तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणजे मृगाचे तारे दिवसा डोक्यावर आणि रात्री गायब. दुर्बिणीचं मृग डिसेंबर ते मार्चचं. "मृग निघालं काय?" या प्रश्नाला गच्चीवर आणि शेतात वेगवेगळी उत्तरं आहेत, आणि दोन्हीकडे ढगांविषयीची अपेक्षा बरोबर उलटी आहे. ढगांच्या अंदाजासाठी मोबाइलवरची ॲप वापरतात. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडून दुसऱ्या पहाटे पावसापाण्याचं भाकीत सांगतात. ते वर्षभरासाठी एकदाच होतं. ॲपला दर तासाला मत बदलता येतं, एवढी त्याची प्रगती आहे.

आता प्रत्यक्ष क्रिया. पृथ्वी फिरत असल्याने आकाश सेकंदाला 15 विकला सरकतं. या दुर्बिणीचा एक चित्रबिंदू सुमारे 2.4 विकलांचा, म्हणजे ती स्थिर राहिली तर दहा सेकंदांत तारा साठेक बिंदू लांब ओघळेल. म्हणून ती मागोमाग वळत राहते, फोटो काढते, तारे ताऱ्यांवर बसवून सगळे फोटो एकमेकांवर रचते. याला स्टॅकिंग म्हणतात आणि त्याचं तत्त्व भिशीचं आहे. एकेका फोटोची पुंजी नगण्य, पण तेजोमेघाचा प्रकाश प्रत्येक हप्त्याला त्याच जागी जमा होतो आणि खोटे ठिपके दर वेळी जागा बदलत असल्याने सरासरीत बुडतात. उपग्रहाची रेघ उमटलेला किंवा तिपाईला धक्का बसलेला हप्ता ॲप परत करतं. फायदा मात्र वर्गमुळाच्या हिशेबाने होतो. चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर वेळ चौपट द्यावा लागतो. पहिल्या दहा मिनिटांत चमत्कार होतो, पुढच्या तासात सुधारणा होते आणि त्यानंतरच्या तीन तासांत फक्त मालकाला फरक दिसतो. तोही तो झूम करून दाखवतो.

प्रेक्षकांची मागणी हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा आहे. साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरचा क्रॅब, दोन-तीन कोटी प्रकाशवर्षांवरची श्यामशबलातली भोवरा दीर्घिका, सगळं पाहून झाल्यावर प्रत्येक जण एकच मागतो, "शनी दाखवा नं." आणि शनीपुढे ही दुर्बीण हात टेकते. ती मोठ्या, मंद वस्तूंसाठी बांधलेली आहे. शनी लहान आणि तेजस्वी. कड्यांसकट तो सेन्सरवर सतरा-अठरा चित्रबिंदूंत आटोपतो. पडद्यावर दिसतो तो दोन्ही बाजूंनी किंचित ओढलेला पिवळा ठिपका. गच्चीवर शांतता पसरते. मग एखादे काका, ज्यांनी शनिवारी तेल वाहण्यात अनेक वर्षं घालवली आहेत, चष्मा पुसून म्हणतात, "साडेसात वर्षं मांगं लागून होता तो हाच काय?" उलट देवयानी इतकी मोठी की चौकटीत मावत नाही. तिची लांबी सुमारे तीन अंश, म्हणजे ओळीने सहा पौर्णिमेचे चंद्र. चौकटीची लांब बाजू सव्वा अंशाची. मोझेक पद्धतीने तुकडे जोडावे लागतात. ते जुळत असताना पहिल्या तासात नुसती मधली पिवळट गाठ दिसते आणि प्रेक्षक खाली जेवायला जातात.

तयार चित्र मोबाइलवर उतरवून व्हॉट्सॲपवर पाठवण्याची प्रथा आहे. तिथे ते आधी दाबून लहान केलं जातं, त्यामुळे चार तासांत घालवलेले ठिपके चार सेकंदांत चौकोनी होऊन परततात. कुटुंबाच्या गटात प्रतिक्रिया ठरावीक येतात. हात जोडलेले दोन. "गूगलवरून काढला काय?" एक. आणि "याच्याहून भारी तं माह्या भाच्यानं पाठवला होता" एक. भाच्याने पाठवलेला फोटो जेम्स वेब दुर्बिणीचा असतो. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, खर्च सुमारे दहा अब्ज डॉलर, मुक्काम पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर. तिथे शेजारी नाहीत. पाच सेंटीमीटरने तिच्याशी बरोबरी करावी ही अपेक्षा फक्त कुटुंबाच्या गटातच केली जाते. चित्राची अखेर दुसऱ्या दिवशी सकाळी होते. मृगाच्या लालसर तेजोमेघावर गुलाबाचं फूल आणि "शुभ सकाळ" लिहून ते मूळ मालकाकडेच परत येतं.

गच्चीला कंटाळलेले लोक अंधार शोधत बाहेर पडतात. लोणारला आकाश एकदा स्वतःहून खाली आलं होतं आणि बेसॉल्टमध्ये 1.8 किलोमीटरचा खड्डा करून गेलं. त्या बाजूचा रात्रीचा काळोख अजून बरा आहे. चिखलदरा उंचीवर आणि थंड, पण पावसाळा संपल्यावरही धुकं तिथे मुक्कामाला असतं, आणि पर्यटक गाडीचे हेडलाइट लावून दुर्बीण जवळून बघायला येतात. मेळघाटाच्या गाभ्यात काळोख उत्तम. तिथे रात्री माणसांना प्रवेश नाही. ते वाघांच्या सोयीचं आहे आणि त्यावर वाद घालता येत नाही. कायदेशीर अंधार हवा असेल तर नागपूरच्या पुढे पेंच गाठावं. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आणि आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले गेले. दिव्याचा उजेड रस्त्यावर पाडायचा, ही कल्पना अमरावती-अकोल्याच्या दिव्यांपर्यंत अजून पोहोचायची आहे.

पावसाळ्यात दुर्बीण कपाटात जाते. धनू राशीतला लगून तेजोमेघ, त्याच्या बाजूचा आकाशगंगेचा सगळा श्रीमंत पट्टा नेमका जून-जुलैच्या मध्यरात्री दक्षिणेला सर्वांत उंच चढतो, तेव्हा ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात असते. भिंगाला बुरशी लागू नये म्हणून पुड्या अधूनमधून उन्हात वाळवाव्यात, असं माहितीपत्रक सांगतं. ऊन कुठून आणावं ते सांगत नाही. लिथियम बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये, म्हणून दीड-दोन महिन्यांनी तिला बाहेर काढून चार्ज करतात आणि हॉलमध्येच एकदा सुरू करून बघतात. ती पंख्याखाली मान वर करते, छताचा फोटो काढते, तारे सापडत नाहीत असं कळवते आणि नवी आज्ञावली आल्याचं सांगून ती उतरवायला वीस मिनिटं मागते. बहुधा तेवढ्यात वीज जाते.